अक्काची धुळ्याला पाठवणी

धरणगाव,
६ फेब्रुवारी १९९४

चुडामणभाऊ यांसी निंबाचा रामराम.

आधी तुमच्याकडची खुशाली विचारतो, मग आमचं सांगतो. तुमचा गुडघा कसा आहे? थंडीत तो धरतो हे तुमच्या अक्काला इथे बसल्या जागी कळतं. सकाळी डोळे उघडले की म्हणते, "आज चुडामणचा गुडघा ठणकत असंल." वच्छलावहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं भुसावळच्या एकाकडून कानावर आलं. आता नीट दिसतं ना? चुलीच्या धुरात बसू देऊ नका. मगनचा खोकला गेला का? ट्रकवर केळी भरायला जातो तर कान बांधून जा म्हणावं, बापासारखा उघड्या डोक्याने हिंडू नको. त्याच्या धाकट्या लेकीला दात येत होते, ती आता भिंत धरून चालत असेल. आणि केळीच्या बागेची तब्येत विचारायची राहिली तर तुम्ही पत्र बाजूला ठेवाल. यंदा रावेरकडे थंडीचा चरका जोराचा बसला म्हणतात. पानं फार पिवळी पडली का? घड वाचले असतील तर बरं.

आम्ही इकडे ठीक. धुळ्याची खानावळ बंद केली आणि दिवाळीनंतर धरणगावच्या घरी येऊन राहिलो. ही बातमी तुम्हाला आवडेल. आपल्या बहिणीने परक्या पोरांना भाकरी थापून विकावी हे तुम्हाला कधी रुचलं नाही. त्यापायी तुम्ही आमच्याकडे पाऊल टाकलं नाही, आखाजीच्या सणाला तिला माहेरी न्यायला मुराळी पाठवणं बंद केलं. मी त्याचा जाब विचारायला बसलेलो नाही. खानावळ आता नाही, एवढंच कळवतो.

बंद का केली, तर तुमच्या अक्काला उभं राहवत नाही. हृदयाची झडप खराब झाली आहे म्हणतात. तशी बरी आहे. जेवते. आडवं झालं की धाप लागते म्हणून गाद्यांची वळकटी पाठीशी देऊन बसूनच झोपते. पायांना सूज आहे, जोडवी काढून ठेवावी लागली. तिचा पलंग मी खिडकीशी सरकवून दिला आहे, म्हणजे गल्लीतली ये-जा दिसते, करमतं.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. तुम्ही रागवाल हे मला माहीत आहे, तरी दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या अक्षरात कळलेलं बरं.

आमच्या खानावळीत सगळी पोरं मेडिकल कॉलेजची होती. जेवतानासुद्धा हाडांची नावं घोकायची. अक्काला ती ऐकून ऐकून पाठ झाली होती. एखादा पोरगा अडखळला की भाजी वाढता वाढता ती पुढचं नाव सांगायची आणि सगळी हसायची. आम्ही दोघं शाळेत पहिलीच्या पुढे गेलो नाही. वाचायला मी किराणा बांधून आलेल्या कागदांवर शिकलो आणि तिला या पोरांनी शिकवलं. म्हणून ती त्या कॉलेजला "माझं विद्यापीठ" म्हणते. पोरं म्हणायची, "मावशी, मग पदवी कधी घेता?" ती म्हणायची, "आधी तुमी पास व्हा रे बापा."

त्यातला एक भटू, शिंदखेड्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. एकदा तो ताटावर बसून म्हणाला, चिरफाडीच्या टेबलावर सगळी बेवारशी बापे माणसंच येतात, बाईचं शरीर मिळतच नाही. अक्काने विचारलं, "मग बाईच्या पोटातलं शिकता कोठी?"

"चित्रावर, मावशी."

तव्यावरची भाकरी तिथेच जळाली. अशी भाकरी जळू देणारी बाई ती नाही, तुम्ही जाणता.

दोन दिवस गेले. मग मला म्हणाली, "माझ्या पोटाले जन्मभर नावं ठेवली लोकांनी. जळगावचा डॉक्टर झाला, भुसावळची लेडी डॉक्टर झाली, वैदू झाला, देवऋषी झाला. काय बिघडलं ते कोणालेच कळलं नाही. आता मेल्यावर तरी पाहू द्या. माझ्या पोरांनाच पाहू द्या."

भाऊ, तिने आपला देह कॉलेजला लिहून दिला आहे. लग्नात तुमच्या वडिलांनी घातलेलं सोनं खानावळ उभी करताना गेलं, शेत आम्हाला नाही. द्यायला तिच्याजवळ जे आहे ते तिने दिलं. मी नवरा म्हणून खाली सही केली. तिने पहिल्यांदा अंगठा न लावता स्वतःचं नाव लिहिलं ते त्याच कागदावर. "सुनंदा" लिहिताना जोडाक्षर नसल्याचा तिला फार आनंद झाला.

तुम्ही एकदा येऊन जा. रागाने आलात तरी चालेल. तिने तुम्हाला कडेवर वाढवलं आहे, तुमचा राग तिला जड नाही.

वहिनींना नमस्कार, मगनला आशीर्वाद, धाकटीचा मुका.

तुमचा,
निंबा तोताराम


धरणगाव,
२ एप्रिल १९९४

चुडामणभाऊ यांसी निंबाचा रामराम.

तुमचं कार्ड पोचलं. गुडघ्याचं तुम्ही लिहिलं नाही, वहिनींच्या डोळ्याचंही नाही. तीनच ओळी लिहिल्यात. "आमच्या घरची बाई पोरांपुढे उघडी पडणार नाही. पाव्हणे, तुम्ही तिला शिकवलं हे. यापुढे मला पत्र पाठवू नये." मी तरी पाठवतो आहे. पोस्टमन तुमच्या हातात ठेवणारच आणि तुम्ही फाडलं तरी वहिनी ते जुळवून वाचतील.

कार्ड मी तिला वाचून दाखवलं नाही. तिने ते पोस्टमनकडूनच घेतलं होतं, आधीच वाचलं होतं. पोरांनी शिकवलं त्याचा असा उपयोग झाला. मला म्हणाली, "अक्षर मोठं छान काढलं चुडामणनं. लहानपणी पाटी फोडत होता."

आता मी जे मागणार आहे ते मागताना माझा हात चालत नाही. पण ते तिचं मागणं आहे, माझं नाही.

होळीनंतर आमच्या समोरची झुंबरबाई वारली. सकाळी गेली. तुम्हाला रीत माहीत आहे, सवाष्ण बाईला माहेरचं कापड आल्याशिवाय न्हाऊ घालत नाहीत, उचलत नाहीत. तिचं माहेर तळोद्याच्या पलीकडे. निरोप जायला वेळ, माणसं निघायला वेळ, गाडी मिळायला वेळ. भाऊ लुगडं घेऊन आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तोवर ती ओट्यावर होती. माशा वारायला बाया आळीपाळीने बसत होत्या. उदबत्त्यांचे पुडे संपले. तुमची अक्का खिडकीशी बसून ते सगळं बघत होती. मी म्हटलं, खिडकी लावतो. तर म्हणाली, "राहू द्या. मले हिशोब करू द्या."

कॉलेजवाल्यांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं आहे. देह लवकर पोचला पाहिजे. उन्हाळ्यात सहा-आठ तासांच्या पलीकडे गेलं तर औषध भरता येत नाही, मग तो देह शिकायच्या कामाचा राहत नाही. इथून धुळं तसं जवळ. पण तुम्ही रावेरच्या पलीकडे. निरोप लागून, जळगाववरून, एसटी बदलत तुम्ही येणार.

मी तिला म्हटलं, "मग तुझ्या माहेरच्या लुगड्यासाठी थांबायचं नाही. मी घरातलं नवं नेसवीन आणि नेईन."

तशी ती माझ्यावर संतापली. एवढ्या धापेत संतापली. म्हणाली, "म्हणजे मले भाऊ नाही का? निपुत्रिक तर निपुत्रिक, आता बिनमाहेरची म्हणून जाऊ? मले दोन्ही पाहिजे. देह माझ्या विद्यापीठाले आणि लुगडं माझ्या भावाचं."

आणि मग तिनेच वाट काढली. "त्याले लिहा, लुगडं आत्ताच पाठव. कोरं घडीचं. पेटीत ठेवून देऊ. म्हणजे त्या दिवशी कोणाची वाट पाहायला नको."

तर भाऊ, मी तुम्हाला जिवंत बहिणीचं शेवटचं लुगडं मागतो आहे. असं मागणं कोणी केल्याचं मी ऐकलं नाही. तुम्हाला यात अभद्र दिसेल. मलाही दिसतं. पण तिला यात तुम्ही दिसता.

कोणतंही चालेल. साधं चालेल. फक्त तुमच्या हातचं पाहिजे.

उन्हाळा तापायला लागला. वहिनींना डोळ्यावर ओलं फडकं ठेवायला सांगा.

तुमचा,
निंबा


धरणगाव,
१६ मे १९९४

चुडामणभाऊ यांसी निंबाचा रामराम.

तुम्ही मगनला पाठवलंत. आखाजीच्या आदल्या दिवशी दारात मुराळी! गल्लीतल्या बायांनी उठून पाहिलं. एवढा मोठा बाप्या झाला आहे, लेकराबाळांचा बाप आहे, तरी अक्काने त्याला मांडीशी बसवून तोंडावरून हात फिरवला. तो बिचारा लाजून केळी मोजत बसला. तुम्ही दिलेला केळीचा घड तिने सगळ्या गल्लीत वाटला. वाटताना प्रत्येकीला सांगत होती, "माहेरची."

आणि लुगडं. हिरवंगार, लाल काठाचं, खणासकट, बांगड्यांसकट. मगनने तुमचा निरोप जसाच्या तसा सांगितला. "हे जित्या बहिणीसाठी आहे. नेसून आखाजीला ये. मढ्यासाठी मी काही पाठवणार नाही." पोराला असा निरोप द्यायला लावू नये, भाऊ.

एसटीत बसण्यासारखी तिची स्थिती नव्हती. मगनने तुम्हाला काय सांगितलं असेल ते मला माहीत नाही. मीच त्याला म्हटलं होतं, "बापाला फार काही सांगू नको, गाडीने दमते म्हणून सांग." पलंगावरून ओट्यापर्यंत यायला तिला दोनदा थांबावं लागतं.

तर तिच्यापुढे प्रश्न पडला. लुगडं तसंच कोरं पेटीत ठेवायचं की नेसायचं. मी म्हटलं, ठेव. कुंदाबाई, म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, तीसुद्धा म्हणाली, ठेवून दे. अर्धा दिवस ते तिच्या मांडीवर होतं. मग म्हणाली, "नाही. चुडामणनं जित्या बहिणीले पाठवलं. ते मेलेलीले नेसवलं तर त्याच्या शब्दाले काय अर्थ राहिला? हे नेसते. दुसरं त्याच्याकडेच आहे. तो घेऊन येईल. माझा भाऊ उशीर करणार नाही."

आखाजीला नेसली. मी आणि कुंदाबाईने धरून नेसवलं. सूज आल्यामुळे बांगड्या चढल्या नाहीत, त्या तिने उशाशी ठेवल्या. गेलेल्या सासू-सासऱ्यांच्या नावाने घागरी भरल्या, सांजोऱ्या कुंदाबाईने केल्या, आमरस मी काढला. तिने वाटीभर खाल्ला. कितीतरी दिवसांनी असं मागून खाल्लं. गल्लीतल्या पोरींनी झोका बांधला होता, त्यांची गाणी ऐकून ती तुमच्याकडचं एक गाणं म्हणायला लागली, पण दुसऱ्या ओळीला श्वास पुरला नाही. मला म्हणाली, "पुढचं तुमी म्हणा." मला कुठे येतं? मग आम्ही दोघं हसलो.

भाऊ, मी अजूनही मागतो. कोरं एक लुगडं पाठवून द्या. नाही तर तुम्हीच या आणि चार दिवस राहा. तुम्ही इथे असलात तर मला कशाचीच चिंता नाही. बाग मगन बघेल.

तुमचा,
निंबा


धरणगाव,
२३ मे १९९४

चुडामणभाऊ,

घाईत कार्ड लिहितो. तब्येत जास्त आहे. डॉक्टर घरी येऊन गेले. बोलते, ओळखते, पण डोळे मिटून बोलते. आज सारखं दाराकडे बोट दाखवत होती. निघता आलं तर कार्ड मिळताच निघा. हातात काही असो नसो, निघा.

निंबा


धरणगाव,
१४ जून १९९४

चुडामणभाऊ यांसी निंबाचा रामराम.

तुमची तब्येत कशी आहे हेच आज पहिल्यांदा विचारतो. मगन परवा येऊन गेला, त्याने सांगितलं. तुम्ही बागेतल्या झोपडीत राहता, घरी जेवायला येत नाही, वहिनी डबा पाठवतात तो तसाच परत जातो. तेराव्याला, गंधमुक्तीलाही तुम्ही आला नाहीत, वहिनी आणि मगनच आले. वहिनींचा डोळा रडून लाल झाला होता, त्याला जपायला सांगा. धाकटीला ताप होता तो उतरला का?

माझं २३ तारखेचं कार्ड तुम्हाला २७ ला मिळालं असंही मगन म्हणाला. म्हणजे ती गेल्यावर. ते तुम्ही खिशात घालून हिंडता म्हणे. ते फाडून टाका, भाऊ.

त्या दिवशीचं तुम्हाला अर्धंच माहीत आहे. तुम्ही येण्याआधीचं सांगतो. ते कळल्याशिवाय तुमच्या डोक्यातलं जाणार नाही.

ती उजाडता उजाडता गेली. मी चहा ठेवायला उठलो होतो. "साखर कमी घाला" म्हणाली, तेच शेवटचं. मी लगेच लखीचंद शेठच्या दुकानावर जाऊन तुमच्या गावच्या सोसायटीत फोन लावला. दुसरा फोन धुळ्याला भटूला लावला, तो आता तिथेच डॉक्टर आहे. भटू म्हणाला, "काका, लगेच निघा. मी शरीररचनेच्या मॅडमना थांबवून ठेवतो." मी टेम्पो सांगितला. टेम्पो दारात येऊन उभा राहिला तेव्हा गल्लीत अजून सावली होती. तेव्हा निघालो असतो तर दहाच्या आत धुळं आलं असतं.

आत बाया बसल्या होत्या. मी पेटीतून आखाजीचं लुगडं काढलं आणि म्हटलं, हे माहेरचंच आहे, हे नेसवा, चला. कुंदाबाईने घडी उलगडली. पदर उजेडाकडे धरून म्हणाली, "हाई नेसेल शे, भाऊ. आंबाना रसना डाग शे पदरले. नेसेल लुगडावर सवाष्णले कशी धाडतंस?"

मी म्हटलं, नेसलेलं असू दे, रसाचा डाग धुवून टाका.

ती म्हणाली, "तिनी सोता मना हात धरीसन सांगेल शे. मना भाऊ कोरं लई येई, तवलगून माले उचलू नका. बठ्ठ्या बायास्ना समोर सांगेल शे."

खरंच सांगितलं होतं, भाऊ. मला सांगितलं होतं तेच तिने बायांनाही सांगून ठेवलं होतं, भाऊ कोरं आणेल तोवर उचलायचं नाही. कुंदाबाईने आडमुठेपणा केला नाही. तीही रडत होती. ती गेलेल्या बाईचा शब्द सांभाळत होती आणि माझ्यापुढे त्याच बाईचे दोन शब्द होते. एक म्हणत होता जा, दुसरा म्हणत होता थांब.

मग मला वाटलं, तुम्ही निघालाच असाल. दुपारच्या आत याल. मी थांबलो.

बर्फ शोधायला माणूस पाठवला. लग्नसराई, सगळा बर्फ मांडवांत गेलेला. अर्धी लादी मिळाली ती गोणपाटात येईस्तोवर निम्मी झाली. वीज अकराला गेली ती आलीच नाही. टेम्पोवाला तीनदा आत येऊन गेला. तिसऱ्यांदा नुसता टोपी काढून उभा राहिला. त्या दिवशी जळगावला पंचेचाळीसच्या वर पारा होता असं पेपरात आलं.

तुम्ही आलात तेव्हा चार वाजून गेले होते. का उशीर झाला ते तुम्ही मला टेम्पोत सांगितलंत. निरोप तुम्हाला बागेत पोचला तोवर आठ वाजले होते. मग तुम्ही आधी सावद्याला गेलात. पहिल्या दुकानातलं लुगडं तुम्हाला हलकं वाटलं, दुसऱ्यात काठ पसंत पडेना. "अक्काला शेवटचं देतोय, तिला कसलंही कसं नेऊ?" असं तुम्ही म्हणालात. तिसऱ्या दुकानात मिळालं. तिथून भुसावळ, भुसावळहून जळगाव, प्रत्येक गाडी वऱ्हाडांनी भरलेली.

भाऊ, यात कोणाला काय म्हणायचं? तुम्ही पहिल्या दुकानातलं घेतलं असतं तरी वऱ्हाडं तेवढीच होती. आणि तुम्ही आणलेलं लुगडं खरंच सुरेख होतं. जांभळं, जरीच्या काठाचं. बायांनी ते हातात घेतलं तेव्हा क्षणभर रडणं थांबलं होतं. कुंदाबाई म्हणाली, "सुनंदी, दख वं, कसं लयेल शे भाऊनी."

पुढचं तुम्ही पाहिलंत. पण मला ते एकदा लिहून काढू द्या, माझ्या मनात ते सारखं पहिल्यापासून सुरू होतं.

धुळ्याला दिवे लागायच्या सुमाराला पोचलो. त्या मॅडम तेवढा वेळ थांबल्या होत्या, घरी लहान मूल असताना. भटू टेम्पोवर चढला, त्याने चादर वर केली आणि परत खाली ठेवली. मॅडमनी बघितलं, हात लावून बघितलं. मग माझ्याजवळ आल्या. "बाबा, फार उशीर झाला. सूज होतीच, त्यात हे ऊन. औषध आत जाणारच नाही. मी घेऊन ठेवलं तरी मुलांना काही दिसणार नाही. मला माफ करा."

मी मान हलवली. मला समजलं होतं. टेम्पोतच समजलं होतं, वासाने. तुम्हालाही समजलं होतं, म्हणून तर एरंडोलपासून तुम्ही तिच्या डोक्याशी उकिडवे बसून पदर नीट करत होतात.

आणि मग तुम्ही त्या मॅडमपुढे गेलात. तीन महिने जे नको म्हणत होतात, तेच तुम्ही हात जोडून म्हणालात, "घ्या हो बाई. उशीर माझ्यामुळं झाला. तिचा काय गुन्हा? तिनं सही केली आहे. पाह्यजे तर थोडंच घ्या, नुसतं पोट घ्या. तिले तेवढंच दाखवायचं होतं."

मॅडमच्या डोळ्यात पाणी आलं, पण त्यांनी नाहीच म्हटलं. त्या काय करणार?

पांझरेच्या काठी आपण तिला अग्नी दिला. भटूने आणि जुन्या खानावळीतल्या पोरांनी खांदा दिला. तेवढं तरी तिच्या मनासारखं झालं म्हणायचं, तर म्हणवत नाही. दोन गोष्टी मागितल्या होत्या तिने, एक मिळाली. जी मिळाली ती जळून गेली. तिच्या पोटात काय होतं ते आता कोणाला कळायचं नाही.

भाऊ, लोक इथे येऊन मला म्हणतात, देवालाच नको होतं. मी ऐकून घेतो. देवाने काही केलं नाही. आपण सगळ्यांनी तिच्यावर माया केली आणि त्या मायेला वेळ लागला. एवढंच झालं. तुम्ही झोपडीतून घरी जा. तुम्ही उपाशी राहिलात तर तिला इथे कळायची सोय आता राहिली नाही.

आता माझं.

मी हे घर कुंदाबाईच्या मुलाकडे सोपवून परत धुळ्याला जातो आहे. कॉलेजच्या मागच्या गल्लीत भटूने एक खोली बघून दिली आहे. हातपाय चालतात तोवर दोन-चार पोरांचे डबे करीन. आमटी मला येते, भाकरी तिच्यासारखी येणार नाही, पोरं समजून घेतील. मी माझाही देह लिहून देतो आहे. बाप्यांचे देह त्यांच्याकडे आहेत, माझ्याने तिची जागा भरत नाही हे मला कळतं. पण एक सांगतो. जन्मभर तपासलं तिलाच. डॉक्टरने, वैदूने, सगळ्यांनी. मला कोणी एकदाही म्हटलं नाही की तुम्हीही आत या. भटूला मी विचारलं, मेल्यावर माझ्यात काही दिसेल का? तो म्हणाला, "काका, ते मेल्यावर नाही दिसत." नाही तर नाही. तरी बघू द्या. एक बाजू तरी बघून झाली असं होईल.

कॉलेजला माझ्यामागे जवळच्या माणसाची सही लागते. मूलबाळ नाही, सख्खा भाऊ नाही. चुलत घराण्यातले म्हणतात, एवढं झाल्यावर पुन्हा तेच? ते सही करणार नाहीत. मला तुम्ही आहात. कागद सोबत पाठवला आहे. जिथे पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही करा. पाटी फोडणाऱ्या पोराचं अक्षर छान आहे असं ती म्हणाली होती.

आणि आणखी एक मागणं, ते कठोर वाटेल. मी गेल्याचा निरोप आला तर त्या दिवशी येऊ नका. टॉवेल-टोपी आणू नका, गाडी धरू नका, बागेतून उठूसुद्धा नका. भटूला मी सांगून ठेवतो, तुमच्या घरी निरोप दुसऱ्या दिवशी द्यायचा. माझ्यासाठी कोणी थांबायचं नाही. तुम्ही आलात तर ती पोरं तुमच्या मानाखातर थांबतील, आणि तुम्ही पुन्हा त्या टेम्पोच्या मागे उभे राहाल. ते मला नको आहे. यायचं तर आत्ता या, मी जेवायला घालीन. आपण दोघं बसून एकदा रडू, मग तुम्ही परत जा.

सही करवत नसेल तर कोरा कागद परत पाठवा, मी रागावणार नाही. पण तोही लवकर पाठवा, म्हणजे मला दुसरं माणूस शोधता येईल. वहिनींना नमस्कार, मगनला आशीर्वाद, धाकटीला कडेवर घेऊन एकदा बाग दाखवा. खोलीचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. सोमवारपासून मी तिथे आहे. दोन ओळी का होईना, लगेच लिहा.

तुमचा,
निंबा तोताराम